औषध ठाऊक, मात्रा नाही

यॉर्कशायरचा एक फिरता व्यापारी दम्याने बेजार झाला होता. बायकोने गावाकडचा उपाय केला. फॉक्सग्लोव्हची मूठभर हिरवी पानं पाव लिटरभर पाण्यात उकळली आणि तो काढा नवऱ्यापुढे ठेवला. त्याने तो एका दमात संपवला. डॉक्टर येऊन बघतो तो ओकाऱ्या थांबत नाहीत, डोळ्यांना धड दिसत नाही आणि नाडी मिनिटाला चाळीसवर आलेली. माणूस जेमतेम वाचला. त्या डॉक्टरचं नाव विल्यम विदरिंग. १७८५ साली आपल्या पुस्तकात ही हकीकत लिहिताना त्याने त्या बाईची हेटाळणी केली नाही. तिला औषध ठाऊक होतं, मात्रा ठाऊक नव्हती, अशा अर्थाचा त्याचा शेरा आहे.

हृदयाची लय ताळ्यावर आणणाऱ्या औषधांचा पुढचा सगळा इतिहास या शेऱ्याभोवती फिरतो. औषधं एकामागून एक सापडत गेली, पण ती बिनधोक कशी घ्यायची हे कळायला दोनशे वर्षं लागली. आज हृदयविकाराच्या ओपीडीत रुग्णाला ज्या सूचना दिल्या जातात, म्हणजे नाडी मोजा, रक्त तपासून घ्या, दुसरं औषध सुरू करण्याआधी विचारा, त्या कुणी टेबलाशी बसून सुचवलेल्या नाहीत. कधी ना कधी कुणाच्या तरी जिवावर बेतलं, तेव्हा त्या लिहिल्या गेल्या.

विदरिंगचा जन्म १७४१ चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातल्या वेलिंग्टन गावचा. एडिंबराला वैद्यकाचं शिक्षण घेऊन तो स्टॅफर्डला आला. तिथे हेलेना कुक्स नावाची त्याची एक रुग्ण फुलांची चित्रं काढत असे. तिच्यासाठी तो रानातून झाडंझुडपं आणू लागला, वनस्पतिशास्त्रात रमला आणि १७७२ मध्ये तिच्याशीच त्याचं लग्न झालं. १७७५ मध्ये त्याने बर्मिंगहॅमला बस्तान हलवलं. तिथे तो रोज एक तास गरिबांना फुकट तपासत असे, आणि असे दोन-तीन हजार लोक वर्षाकाठी त्याच्याकडे येत. त्यांच्यात अंगाला पाणी झालेले पुष्कळ असत. पाय सुजलेले, पोट फुगलेलं, आडवं पडलं की श्वास कोंडलेला.

त्याच वर्षी कुणीतरी त्याला एका घरगुती औषधाबद्दल मत विचारलं. श्रॉपशायरमधली एक म्हातारी ते अंगावरच्या पाण्यासाठी देत असे आणि त्याची कृती कुणाला सांगत नसे. डॉक्टरांनी हात टेकलेले काही रुग्णही तिच्या औषधाने बरे होत. ओकाऱ्या आणि जुलाब मात्र जबर होत. त्यात वीस किंवा त्याहून जास्त पाला-मुळ्या होत्या. विदरिंगला झाडांची जाण होती, त्यामुळे यात काम करणारी वनस्पती फॉक्सग्लोव्हच असणार हे त्याने लगेच ताडलं. या म्हातारीला पुढे ‘मदर हटन’ असं नाव चिकटलं आणि विदरिंग तिच्याशी सौदा करतो आहे अशी चित्रंही निघाली. विदरिंगच्या पुस्तकात हे नाव कुठेही नाही. ते विसाव्या शतकात एका अमेरिकन औषध कंपनीच्या जाहिरातीतून आलं. खऱ्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, आणि ही हळहळण्याजोगीच गोष्ट आहे.

पुस्तकातली पहिली नोंद ८ डिसेंबर १७७५ ची आहे. पन्नाशीचा एक माणूस, पूर्वी घरं बांधण्याचा धंदा करणारा, आता परिस्थितीने खालावलेला. श्वास आखूड, चेहरा ओढलेला, पोट मोठं आणि त्यात पाणी हेलकावताना जाणवणारं. विदरिंगने त्याला फॉक्सग्लोव्हच्या पानांचा काढा दिला. लघवी भरपूर झाली, श्वास मोकळा होत गेला, पोट उतरलं आणि दहाएक दिवसांत तो पोटभर जेवू लागला.

एवढ्यावर दुसरा कुणी डांगोरा पिटला असता. विदरिंगने पुढची दहा वर्षं नोंदी ठेवण्यात घालवली. दीडशेहून जास्त रुग्ण त्याने लिहून काढले, आणि त्यात न बरे झालेलेही वगळले नाहीत. सुरुवातीला आपण औषध फार मोठ्या प्रमाणात देत होतो, हेही तो मोकळेपणाने सांगतो. मुळीची ताकद कमी-जास्त निघते म्हणून त्याने मुळी सोडली. पानांचा गुणही ऋतूप्रमाणे बदलतो हे दिसल्यावर झाड फुलावर आलं की तेव्हाचीच पानं खुडायची असं ठरवलं. देठ आणि मधली शीर काढून टाकायची. पानं उन्हात किंवा विस्तवासमोर पत्र्याच्या तबकात सुकवायची आणि त्यांची हिरवीगार पूड करायची. मोठ्या माणसाला या पुडीचे एक ते तीन ग्रेन, दिवसातून दोनदा. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. जिथे मूठभर पाला उकळला जात होता, तिथे आता चिमटीत मावेल एवढी पूड आली.

मात्रेइतकाच मोलाचा होता त्याचा थांबण्याचा नियम. औषधाचा परिणाम लघवीवर, पोटावर, नाडीवर किंवा आतड्यांवर, यांपैकी कुठेही एके ठिकाणी दिसला की औषध बंद. ओकारी येईपर्यंत देत राहण्याची जुनी रीत त्याने मोडून काढली. त्याच्या ध्यानात आलं होतं की हे औषध अंगात साठतं. पटापट दिलं तर त्रास सुरू होण्याआधीच जास्तीचा डोस पोटात गेलेला असतो, आणि नंतर औषध थांबवूनही त्रास चालूच राहतो. वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणं, घेरी, नाडी पस्तीसपर्यंत उतरणं, मूर्च्छा आणि शेवटी मृत्यू, अशी विषबाधेची पायरीपायरीने मांडलेली यादी त्याने दिली आहे. आजच्या पाठ्यपुस्तकातही डिजिटॅलिसच्या, म्हणजे फॉक्सग्लोव्हपासून केलेल्या औषधाच्या, विषबाधेची हीच लक्षणं वाचायला मिळतात.

या औषधाची हृदयाच्या गतीवर विलक्षण सत्ता चालते, असंही त्याने नोंदवलं. पण त्याच्या लेखी ते पाणी उतरवणारं औषध होतं. सूज हृदयामुळे येते हा दुवा त्याच्या हाती आला नव्हता.

विदरिंग १७९९ मध्ये वारला. त्याच्या स्मारकावर फॉक्सग्लोव्हचं फूल कोरलं, पण त्याचा नियम लोक विसरले. एकोणिसाव्या शतकात डिजिटॅलिस क्षयाला दिलं गेलं, तापाला दिलं गेलं, वेड्यांच्या इस्पितळात दिलं गेलं. नाडी मंद होते ना, मग जिथे नाडी जलद तिथे डिजिटॅलिस, असा सरधोपट हिशेब होता. मात्रा पुन्हा बेसुमार झाली आणि औषध बदनाम झालं.

ते पुन्हा रुळावर आणलं लँकेशायरमधल्या बर्नली या गिरणगावातल्या एका साध्या डॉक्टरने. जेम्स मॅकेन्झी तिथे १८७९ पासून जनरल प्रॅक्टिस करत होता. मनगटाच्या आणि मानेच्या नाडीची रेघ एकाच वेळी कागदावर उमटवणारं यंत्र त्याने स्थानिक घड्याळजीच्या मदतीने बनवलं. एकाच रुग्णाला वर्षानुवर्षं तपासण्याची सोय गावच्या डॉक्टरला असते, शहरातल्या बड्या तज्ज्ञाला नसते. त्या सोयीचा मॅकेन्झीने पुरेपूर फायदा घेतला. काही रुग्णांची नाडी पार विस्कळीत, एका ठोक्याचा दुसऱ्याशी मेळ नाही, आणि अशाच रुग्णांवर डिजिटॅलिसचा गुण सगळ्यात ठळक येतो, हे त्याला दिसलं. १९०९ मध्ये लंडनच्या थॉमस लुईसने ईसीजीच्या आधाराने या विकाराची ओळख पक्की केली. तो म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात आणि त्यांचे बेताल इशारे खालच्या निलयांवर आदळत राहतात. डिजिटॅलिस ही थरथर थांबवत नाही. वरून खाली जाणाऱ्या इशाऱ्यांची वाट ते अरुंद करतं, त्यामुळे निलयांना दम खायला उसंत मिळते.

रोग कळला, औषध कळलं, तरी मात्रेचा पेच उरलाच. कारण एका बरणीतली पानं दुसऱ्या बरणीतल्या पानांसारखी नसत. रसायनशास्त्राने ताकद मोजता येत नव्हती, म्हणून जिवंत प्राण्यांवर मोजायची पद्धत आली. बेडकाचं हृदय किती अर्काने थांबतं हे बघायचं, किंवा १९१० पासून अमेरिकेत रुळलेल्या पद्धतीप्रमाणे मांजर किती अर्काने दगावतं ते बघायचं, आणि त्यावरून त्या घाण्याची ताकद ठरवायची. १९२० च्या दशकात राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाने डिजिटॅलिसच्या पुडीचा आंतरराष्ट्रीय नमुना ठरवून दिला. कुठल्याही देशातल्या प्रयोगशाळेने आपली पूड त्या नमुन्याशी ताडून पाहावी, अशी ती सोय होती.

हिंदुस्थानात हा प्रश्न आणखी बिकट होता. औषध विलायतेहून बोटीने येई आणि इथल्या उकाड्यात महिनोन्महिने दुकानात पडून राही. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात डिजिटॅलिसच्या टिंक्चरची जैविक परीक्षा केली. उष्ण हवेत त्याची ताकद घटत असल्याचं त्यांनी दाखवलं. बाटलीवरची चिठ्ठी एक सांगत होती आणि आतलं औषध दुसरंच करत होतं. पुढे १९३० मध्ये सरकारने औषधांच्या दर्जाची चौकशी करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष चोप्राच होते. त्या अहवालाच्या वाटेने १९४० चा औषध कायदा आला. आज गोळ्यांच्या पाकिटावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते. ती वाचायचा कंटाळा करणाऱ्यांनी एवढा इतिहास ध्यानात ठेवावा.

१९३० मध्ये लंडनच्या बरोज वेलकम कंपनीत सिडनी स्मिथ या रसायनतज्ज्ञाने फॉक्सग्लोव्हच्याच एका भावंडापासून, डिजिटॅलिस लॅनाटापासून, डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळं काढलं. आता वजन करून गोळी देता येणार होती. नेहमीची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची. बेडूक सुटले, मांजरं सुटली, आणि मात्रेचा प्रश्न मिटला असं डॉक्टरांना वाटलं.

तो मिटला नव्हता. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी बाजारातल्या डिगॉक्सिनच्या चार प्रकारच्या गोळ्या तपासल्या. छापील मात्रा सारखी, तरी रक्तात उतरणाऱ्या औषधात सातपटीपर्यंत तफावत. गोळी पोटात विरघळते कशी, तिचे कण किती बारीक, यावर सगळं अवलंबून होतं. तेवढ्यात ब्रिटनमध्येही असाच धक्का बसला. एका प्रमुख कंपनीने १९६९ मध्ये गोळी बनवण्याची रीत बदलली, तेव्हा तिचा गुण कमी झाला. १९७२ मध्ये रीत पुन्हा बदलली आणि त्याच नावाच्या, त्याच मात्रेच्या गोळीतून रक्तात दुप्पट औषध जाऊ लागलं. रुग्णाने काहीही चूक केली नव्हती, डॉक्टरनेही केली नव्हती. गोळी किती विरघळायला हवी याचे नियम यानंतर कडक झाले. अशा औषधाचा ब्रँड केमिस्टने परस्पर बदलला तर डॉक्टरला कळवा, असं तज्ज्ञ सांगतात ते याचमुळे.

हे सगळं उघडकीला येऊ शकलं कारण १९६० च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनमध्ये थॉमस स्मिथ आणि सहकाऱ्यांनी रक्तातलं डिगॉक्सिन मोजण्याची पद्धत बसवली होती. मोजमाप हाती येताच जे दिसलं ते धक्कादायक होतं. १९७१ मध्ये बोस्टनमध्येच प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, डिजिटॅलिस घेत असताना इस्पितळात दाखल झालेल्यांपैकी सुमारे २३ टक्के लोकांना त्याची विषबाधा झालेली होती. जवळजवळ चौघांमागे एक. विदरिंगनंतर पावणेदोनशे वर्षांनी, जगातल्या एका नावाजलेल्या वैद्यकीय शहरात ही अवस्था होती.

यामागचं एक कारण होतं मूत्रपिंड. डिगॉक्सिन मुख्यतः लघवीवाटे बाहेर जातं. मूत्रपिंडं धड असली तरी अंगातलं निम्मं औषध बाहेर पडायला दीड दिवस लागतो, वयाने किंवा आजाराने ती थकली असतील तर कितीतरी जास्त. चाळिशीत झेपणारी मात्रा सत्तरीत विष ठरते. दुसरं कारण पोटॅशियम. डिगॉक्सिन हृदयाच्या पेशीतल्या सोडियम-पोटॅशियम पंपाला जाऊन चिकटतं आणि त्याच जागेसाठी पोटॅशियमशी त्याची चढाओढ असते. रक्तातलं पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनला रान मोकळं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लघवी वाढवणाऱ्या नव्या गोळ्या आल्या आणि अंगावरच्या पाण्यासाठी त्या डिगॉक्सिनच्याच जोडीने दिल्या जाऊ लागल्या. त्या गोळ्या लघवीबरोबर पोटॅशियमही बाहेर काढतात. एक गोळी दुसरीला धारदार करत होती. जुलाब-ओकाऱ्यांच्या आजारातही हेच घडतं. म्हणून अशा रुग्णाचं पोट बिघडलं तर घरी लिंबूपाण्यावर दोन दिवस काढू नयेत, डॉक्टरला गाठावं.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक रुग्णालयांतून डिगॉक्सिन पिढ्यान्‌पिढ्या दिलं गेलं आहे, मुख्यतः संधिवाताच्या तापाने झडपा निकामी झालेल्या गरीब घरांतल्या तरुण रुग्णांना. तिथे एक रिवाज पडला. आठवड्याचे पाच दिवस गोळी, शनिवार-रविवार सुट्टी. औषध अंगात साठू नये, हा त्यामागचा हेतू. रक्तातली पातळी मोजण्याची चाचणी जिथे परवडत नव्हती, तिथे भारतीय डॉक्टरांनी कॅलेंडरचा आधार घेतला होता. आज अनेक तज्ज्ञ रोज लहान मात्रा देणं पसंत करतात, कारण त्यामुळे पातळी स्थिर राहते. पण ज्यांच्या कागदावर ‘आठवड्यातून पाच दिवस’ लिहिलं आहे त्यांनी ते आपल्या मनाने बदलू नये. तसाच एक रिवाज वॉर्डातला. गोळी देण्याआधी सिस्टर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजते. मोठ्या माणसाचे ठोके साठच्या खाली असले तर गोळी हातात ठेवून डॉक्टरला बोलावते. विदरिंगचा थांबण्याचा नियमच या सवयीत टिकून आहे.

दुसरी कहाणी सिंकोनाच्या सालीची. मलेरियावरच्या या सालीने छातीतली धडधड थांबते, हे फ्रान्समधल्या झां-बाप्तिस्त सेनाकने १७४९ मध्येच लिहिलं होतं. ते विस्मरणात गेलं. १९१२ मध्ये एक डच व्यापारी कारेल वेंकेबाख या हृदयतज्ज्ञाकडे आला. त्याची नाडी मधूनच विस्कळीत व्हायची. वेंकेबाखने तुमच्यासाठी फार काही करता येणार नाही असं सांगितलं, तेव्हा व्यापारी म्हणाला की आपण स्वतः ती थांबवून दाखवतो. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा नाडी नियमित होती. त्याने एक ग्रॅम क्विनीन घेतलं होतं. उष्ण मुलखात वावरताना तापावर घेतलेल्या औषधाने धडधड थांबते, हे त्याचं त्यालाच उमगलं होतं. वेंकेबाखचा मोठेपणा असा की त्याने रुग्णाचं म्हणणं उडवून लावलं नाही. १९१४ मधल्या आपल्या ग्रंथात त्याने ते नोंदवलं. १९१८ मध्ये वॉल्टर फ्रेने सिंकोनातली वेगवेगळी द्रव्यं तपासून दाखवलं की या कामी सगळ्यात गुणकारी क्विनिडीन आहे.

पुढची अनेक दशकं क्विनिडीन चाललं, आणि त्या काळात काही रुग्ण औषध सुरू झाल्यावर अचानक बेशुद्ध पडत, काही दगावत. मूळ आजाराचंच हे लक्षण असावं अशी समजूत होती. १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सेल्झर आणि रे यांनी अशा रुग्णांचे ईसीजी पकडले. लय सुधारण्यासाठी दिलेलं औषधच निलयांचा जीवघेणा लयबिघाड घडवत होतं. दोन वर्षांनी पॅरिसच्या देसर्तेनने या विशिष्ट बिघाडाचं वर्णन करून त्याला ‘तोर्साद द प्वांत’ असं नाव दिलं. ईसीजीवरचं क्यूटी अंतर लांबलं की हा धोका वाढतो. त्यामुळे अशी औषधं सुरू करण्याआधी आणि केल्यावर ईसीजी काढणं हा आता शिरस्ता आहे. हेच अंतर लांबवणारी औषधं इतरत्रही आहेत, काही अँटिबायोटिक आहेत, मलेरियाच्या गोळ्या आहेत, मनोविकारावरच्या गोळ्या आहेत. घशाला आलं म्हणून केमिस्टकडून परस्पर आणलेली गोळी अशा रुग्णाला महागात पडू शकते.

१९७८ मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. डिगॉक्सिन घेणाऱ्याला क्विनिडीन सुरू केलं की रक्तातलं डिगॉक्सिन जवळपास दुप्पट होतं. दोन्ही औषधं अर्धशतकभर जोडीने दिली जात होती.

आपल्याकडचीही दोन झाडं या इतिहासात आहेत. पहिलं सर्पगंधा. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये तिच्या मुळीतून अजमलीन हे द्रव्य काढलं आणि कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याचं नाव ठेवलं. मुंबईचे हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबावरच्या सर्पगंधेच्या चाचणीचा लेख लिहिला, तेव्हा जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. तिच्यातलं अजमलीन पुढे युरोपात लयबिघाडावर वापरलं गेलं. ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा आनुवंशिक विकार झाकलेला असेल तर तो उघड करायला आजही ते शिरेतून देतात, ईसीजी चालू ठेवून आणि शॉक द्यायचं यंत्र शेजारी ठेवून. ज्या मुळीची पूड वैद्य पिढ्यान्‌पिढ्या देत आले, तिच्यातल्या एका द्रव्याला आज एवढ्या जय्यत तयारीने हात लावावा लागतो.

दुसरं झाड बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. ती महादेवाला वाहतात, कुंपणाला लावतात. तिच्या बियांत आणि चिकात डिजिटॅलिसच्याच जातीची द्रव्यं असतात, आणि तिची मात्रा ठरवायला कुणी विदरिंग झाला नाही. बी पोटात गेलेल्या माणसाची लक्षणं डिगॉक्सिनच्या विषबाधेसारखीच. ओकाऱ्या होतात, नाडी मंदावते, लय तुटते. बोस्टनच्या त्याच थॉमस स्मिथने १९७६ मध्ये डिगॉक्सिनच्या विषबाधेवर प्रतिपिंडांचा पहिला यशस्वी उपचार प्रसिद्ध केला. तोच उपचार श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी बिट्टीच्या रुग्णांवर करून पाहिला आणि २००० मध्ये लॅन्सेटमध्ये छापून तो लागू पडतो हे सिद्ध केलं. कण्हेरीचा किंवा बिट्टीचा कोणताही घरगुती काढा कुणी सुचवला, तर हृदयाची औषधं घेणाऱ्याने त्याच्यापासून दूरच राहावं.

या इतिहासातला सगळ्यात दुःखद अध्याय फार जुना नाही. १९८० च्या दशकात डॉक्टरांपुढे एक स्वच्छ वाटणारा तर्क होता. हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ज्या रुग्णांच्या ईसीजीत निलयांतून उठणारे जादा ठोके दिसतात, ते अचानक दगावण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा औषधाने हे ठोके दाबावेत, म्हणजे जीव वाचतील. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ठोके उत्तम दाबत. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेने मोठी चाचणी मांडली, ‘कास्ट’ या नावाने. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना औषध नसलेली हुबेहूब गोळी. धोका असलेल्या रुग्णाला पोकळ गोळी देणं अन्याय नाही का, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला.

एप्रिल १९८९ मध्ये ही दोन औषधं चाचणीतून घाईने काढावी लागली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम आकड्यांनुसार, औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले, पोकळ गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके कागदावरून नाहीसे झाले होते, आणि माणसं दुपटीहून जास्त प्रमाणात मेली होती. चाचणीच झाली नसती तर ही औषधं उपकारक समजून दिली जात राहिली असती, कारण हार्ट अटॅक येऊन गेलेला रुग्ण अचानक गेला तर दोष औषधाला कोण देतो? एनकेनाइड बाजारातून गेलं. फ्लेकेनाइड राहिलं, पण त्याची जागा नेमकी ठरली. हृदयाच्या स्नायूला इजा झालेल्यांना ते द्यायचं नाही, एरवी धडधाकट हृदय असलेल्यांना एट्रियल फिब्रिलेशनसाठी द्यायचं. इटलीतल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये दाखवलं की निवडक रुग्ण ही गोळी खिशात बाळगून धडधडीचा झटका आला की घरीच घेऊ शकतात. मात्र तिथेही पहिली गोळी इस्पितळात, देखरेखीखाली घ्यावी लागली होती.

शेजाऱ्याला ज्या गोळीने आराम पडला ती आपल्यालाही चालेल, हा आपल्याकडचा समज किती घातक आहे, हे कास्टच्या त्या दोन आकड्यांइतकं स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही. धडधड दोघांचीही सारखीच भासते, पण एकाचं हृदय शाबूत असतं आणि दुसऱ्याच्या हृदयावर जुन्या अटॅकचा व्रण असतो. तो फरक इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसतो, हाताने नाडी बघून कळत नाही.

घरात कुणी लयबिघाडाची औषधं घेत असेल, तर वाचकांनी आज एवढं करावं. चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं, मात्रा आणि वेळा एका कागदावर लिहाव्यात. त्यात काढे, चूर्ण, आम्लपित्तावरच्या गोळ्याही याव्यात, आणि तो कागद प्रत्येक डॉक्टरला, दातांच्या डॉक्टरलासुद्धा, दाखवावा. एखादी गोळी राहून गेली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. भूक गेली, मळमळ सुरू झाली, दिसणं पिवळसर झालं, घेरी आली किंवा नाडी नेहमीपेक्षा फार मंद लागली, तर वाट न बघता इस्पितळ गाठावं. औषधाने त्रास झाला तर तो नोंदवण्याचा हक्क रुग्णालाही आहे. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. तिचं केंद्र गाझियाबादला आहे आणि तिथला निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे १८००-१८०-३०२४.